धाकटी जपानी मालमोटार : तिची निवड, दुरुस्ती आणि रोजचा वापर

घरच्या माणसांना नेणारी मोटार वेगळी आणि बाजाराचा माल वाहणारी मालमोटार वेगळी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या कुटुंबाला थोडीशी शेती, एखादी बाग, लहानसे दुकान किंवा सुतारकामाचा धंदा सांभाळावयाचा असतो, त्याची गरज या दोहोंच्या मधली असते. खताची चार पोती, पाच-सहा फळ्या, पाण्याची एखादी टाकी एवढाच माल वाहावयाचा असतो. आणि त्याच वाहनातून टपालकचेरीत, दवाखान्यात व आठवड्याच्या बाजाराला जाऊनही यावयाचे असते. या मधल्या गरजेसाठी जपानी लोकांनी एक चिमुकली मालमोटार तयार केली. जपानी भाषेत ‘केई’ म्हणजे हलकी. म्हणून हिला तेथे ‘केई ट्रक’ म्हणतात.

जपानमधील आपली सेवा संपवून या गाड्या आता समुद्र ओलांडून कॅनडा व अमेरिका या देशांत मोठ्या हौसेने नेल्या जात आहेत. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, भावंडे व आप्तेष्ट त्या देशांत स्थायिक झालेले आहेत, तेव्हा या गाडीचे नाव एखाद्या पत्रातून किंवा दूरध्वनीवरील बोलण्यातून आपल्या घरापर्यंत येणे अशक्य नाही. तिचे गोजिरवाणे रूप आणि लिलावातील अल्प किंमत पाहून पुष्कळजण मोहात पडतात. पुढे एखाद्याची गाडी नोंदणीवाचून अंगणात उभी राहते, तर एखाद्याची वरून रंगवलेली आणि आतून सडलेली निघते. म्हणून ही गाडी कशी आहे, ती घेताना काय पाहावे, घेतल्यावर कोणती दुरुस्ती आधी करावी, आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा ठेवू नये, याचा येथे क्रमवार विचार करावयाचा आहे.

जन्म आणि बांधणी

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी जनतेची क्रयशक्ती फार क्षीण झाली होती. सामान्य माणसास परवडेल असे वाहन निघावे म्हणून तेथील सरकारने 1949 साली हलक्या वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग ठरवून दिला. आरंभी या वर्गातील एंजिनाची मर्यादा अवघी 150 सी.सी. होती. 1950 नंतरच्या दशकात ती 360 सी.सी.पर्यंत आली, 1976 साली 550 झाली आणि 1990 साली 660 सी.सी. झाली. गाडीची लांबी, रुंदी व उंचीही कायद्यानेच बांधलेली असते. 1998 साली ठरलेल्या मापांप्रमाणे लांबी 3.40 मीटर, रुंदी 1.48 मीटर आणि उंची 2 मीटर यांच्या आत असावी लागते. भार वाहण्याची मर्यादा 350 किलोग्रॅम आहे. या चौकटीत राहणाऱ्या वाहनास कर कमी पडतो.

मर्यादा आखून दिली की कारागिराची बुद्धी तिच्या आत काम करू लागते, याचा प्रत्यय येथे चांगला येतो. 1960 साली दाईहात्सू कंपनीची ‘हायजेट’ आली. 1961 साली सुझुकीची ‘कॅरी’ व सुबारूची ‘सांबर’ आली. 1966 साली मित्सुबिशीची ‘मिनिकॅब’ निघाली. होंडा कंपनीने बाजारात आणलेले पहिले चारचाकी वाहन म्हणजे 1963 सालची ‘टी 360’ ही अशीच एक धाकटी मालमोटार होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. तिच्या वंशातील ‘ॲक्टी’ 1977 पासून 2021 पर्यंत निघत राहिली.

आज परदेशांत ज्यांना विशेष मागणी आहे त्या बहुधा 1990 नंतरच्या दशकातील, 660 सी.सी.च्या गाड्या होत. बाहेरून त्या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. पण एंजिनाची जागा प्रत्येकीची निराळी असते. कॅरी व हायजेट यांचे एंजिन बैठकीखाली असते व बैठक उचलली की ते दिसते. ॲक्टीचे एंजिन हौद्याखाली, मागच्या आसाच्या किंचित पुढे बसवलेले असते. सांबरचे एंजिन तर मागच्या आसाच्याही पाठीमागे असते. शिवाय इतरांची एंजिने तीन सिलिंडरांची असताना सांबरचे चार सिलिंडरांचे आहे. चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा आणि पाठीमागे एंजिन, यामुळे जपानी शेतकऱ्यांत तिला गमतीने ‘बांधावरची पोर्श’ म्हणतात. सुबारू कंपनीने 2012 साली स्वतः सांबर बनवणे थांबवले.

रिकाम्या गाडीचे वजन साधारणपणे सातशे किलोग्रॅमच्या आसपास भरते आणि एंजिनाची शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती असते. हौदा सपाट असून त्याचे तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात, त्यामुळे माल कोणत्याही बाजूने चढवता व उतरवता येतो. भातशेतीच्या अरुंद बांधावर वळण्यासाठी ही गाडी घडवलेली आहे; म्हणूनच ती गल्लीबोळातही सहज फिरते.

लिलावापासून बंदरापर्यंत

जपानमध्ये जुन्या मोटारींचा व्यवहार बहुतांशी लिलावगृहांतून होतो. तेथे खासगी गिऱ्हाइकाला बोली लावता येत नाही. परवानाधारक दलालामार्फतच ती लावावी लागते. प्रत्येक गाडीबरोबर लिलावगृहाच्या तपासनिसाने भरलेला एक तक्ता असतो. त्यात गाडीला एकंदर गुण दिलेले असतात आणि गाडीच्या आकृतीवर खुणा केलेल्या असतात. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे पूर्वी दुरुस्त केलेला पत्रा, ‘एस’ म्हणजे गंज आणि ‘सी’ म्हणजे खोलवर पोखरणारा गंज. अक्षरापुढील आकडा जितका मोठा, तितका दोष मोठा. गुणांच्या जागी ‘आर’ हे अक्षर असल्यास गाडीला अपघात होऊन तिची दुरुस्ती झालेली आहे, असे समजावे. दलालाने पाठवलेल्या सुंदर छायाचित्रांपेक्षा हा तक्ता अधिक विश्वसनीय असतो. तो मूळ स्वरूपात मागून घ्यावा, आणि त्यातील जपानी शेऱ्यांचे भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून करून घ्यावे.

दुसरी पायरी कायद्याची. अमेरिकेत, तेथील सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणे न बनवलेले वाहन आणावयाचे असल्यास त्याच्या निर्मितीस पुरी 25 वर्षे झालेली असावी लागतात. कॅनडात ही मुदत 15 वर्षांची आहे. वय वर्षांच्या ढोबळ हिशेबाने न धरता निर्मितीच्या महिन्यापासून मोजले जाते. दोन महिने आधी जहाजावर चढवलेली गाडी बंदरातच अडकून पडल्याने मालकास भुर्दंड बसल्याची उदाहरणे आहेत. जपानमधील नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, त्याचे इंग्रजी भाषांतर, विक्रीची पावती आणि जहाजाची भरतीपावती ही चार कागदपत्रे जिवापाड जपावीत. गाडीच्या चासीवर कोरलेला क्रमांक या सर्व कागदांवर अक्षरशः तोच आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावे. हा जपानी क्रमांक तेथील सतरा अक्षरी पद्धतीत बसत नाही. त्यामुळे नोंदणीच्या व विम्याच्या कचेरीत कारकून गोंधळतात. अशा वेळी कागद चोख असले तरच काम पुढे सरकते.

आणि येथेच सर्वांत मोठी गफलत होते. गाडी देशात येऊ देणे हे मध्यवर्ती सरकारच्या हाती असते, परंतु ती रस्त्यावर चालवू देणे हे अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या हाती असते. बंदरातून सुटलेल्या गाडीस रस्त्याचा परवाना मिळेलच, असे मुळीच नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने 2024 साली या गाड्यांची नोंदणी थांबवली होती आणि मालकांनी दाद मागितल्यावर त्याच वर्षी ती पुन्हा सुरू केली. टेक्सस राज्याने त्याच साली आपले धोरण बदलून नोंदणीस अनुमती दिली. काही राज्यांत अशी गाडी केवळ स्वतःच्या शेतात किंवा मंद वाहतुकीच्या रस्त्यांवरच चालवता येते. तेव्हा बोली लावण्यापूर्वी आपल्या राज्याच्या किंवा प्रांताच्या नोंदणी कचेरीकडून लेखी उत्तर मिळवावे, आणि विमा कंपनीकडूनही. शेजाऱ्याला परवाना मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल, हा तर्क येथे चालत नाही.

गंज हाच खरा शत्रू

एंजिन दुरुस्त करता येते, बदलताही येते. परंतु सडलेली चासी म्हणजे पायाच खचलेले घर होय. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर व पश्चिम किनाऱ्यावर बर्फ विपुल पडते आणि ते वितळावे म्हणून रस्त्यांवर क्षार टाकतात. त्या भागात, अथवा समुद्रकाठच्या गावात वापरलेली गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी खालून पोखरलेली असण्याचा संभव असतो. म्हणून गाडी कोणत्या प्रांतात नोंदलेली होती, हा पहिला प्रश्न असावा.

गाडी प्रत्यक्ष पाहावयास मिळत असेल तर ती जॅकवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून बत्तीच्या उजेडात पाहावी. पायदानाचा पत्रा, चाकांवरच्या कमानी, रेडिएटर जेथे टांगलेला असतो तो आडवा पत्रा, हौद्याची पुढची कड आणि चासीचे लांब दांडे या जागा मुख्य होत. पायाखालचा रबरी गालिचा उचलून तळाचा पत्रा पाहावा. पावसाचे पाणी तेथे साचून राहते. पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकावे. धड पत्रा खणखणतो. सडलेला पत्रा बद्द वाजतो. लहानसे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे असे खुशाल समजावे. वरवरचा लालसर गंज भिण्यासारखा नसतो; तो घासून, गंजरोधक लावून थांबवता येतो. पापुद्रे सुटणारा व बोटाने टोचता येणारा गंज चासीच्या दांड्यावर आढळला, तर गाडी फुकट मिळत असली तरी घेऊ नये.

याउलट, खरचटलेला हौदा, फाटकी गादी, फुटलेला मागचा दिवा किंवा उडालेला रंग पाहून नाक मुरडू नये. ही गाडी मुळात कष्टाच्या कामासाठी केलेली आहे. तिच्या हौद्यात फावडी-कुदळी आपटलेल्या असणारच. अशी रूपाने ओबडधोबड पण हाडाने धड गाडी स्वस्तात मिळते आणि तिच्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

गंजाची परीक्षा झाल्यावर एंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर त्यामागील कारण विचारावे. सुरू होताना निळा धूर येऊन तो येतच राहिला तर तेल जळत आहे. पांढरा धूर थांबत नसेल व पाणी कमी होत असेल तर गॅस्केटचा संशय घ्यावा. क्लच दाबून प्रत्येक गिअर टाकून पाहावा. चारचाकी ओढ असलेल्या गाडीत ती ओढ लागते व सुटते की नाही तेही पाहावे. आकड्यांचा मीटर सांगतो त्यापेक्षा ब्रेकच्या पेडलावरचे झिजलेले रबर आणि बैठकीची दबलेली कड यांची साक्ष अधिक खरी असते.

दुरुस्तीचा क्रम

गाडी दारात आली की प्रथम रंग, मग नवी चाके, मग गाण्याचे यंत्र, असा पुष्कळांचा क्रम असतो. तो उलटा करावा. पंचवीस वर्षे वयाच्या वाहनात लोखंडापेक्षा रबर अधिक म्हातारे झालेले असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जी वस्तू बिघडल्यास जीव धोक्यात येईल ती पहिली, जी बिघडल्यास एंजिन जाईल ती दुसरी, आणि जी बिघडल्यास केवळ गैरसोय होईल ती शेवटची, असा क्रम धरावा.

पहिला मान ब्रेकचा. चारही चाके उघडून लायनर, ड्रम व चाकातील लहान सिलिंडर पाहावेत. सिलिंडराभोवती ओल दिसली तर ते बदलावेत. ब्रेकचे तेल हवेतील दमटपणा शोषून घेते, म्हणून जुने तेल संपूर्ण काढून नवे भरावे. रबरी नळ्या नव्या घालाव्यात आणि लोखंडी नळ्या गंजलेल्या आढळल्या तर त्यांत कुचराई करू नये. त्यानंतर टायर. या गाड्यांना बहुधा 145 आर 12 मापाचे, मालवाहू जातीचे टायर लागतात. साध्या प्रवासी मोटारीचे टायर स्वस्त पडतात म्हणून घालू नयेत. भरल्या गाडीचा भार त्यांना झेपत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असूनही टायर दहा वर्षांचा असेल, तर तो टाकूनच द्यावा. स्टिअरिंगचे सांधे व चाकांचे बेअरिंगही याच वेळी तपासून घ्यावेत.

दुसरा मान टायमिंग बेल्टचा. या काळातील पुष्कळ एंजिनांत झडपांची हालचाल दातेरी रबरी पट्ट्याने होते. तो साधारण एक लाख किलोमीटरला बदलावा असा संकेत आहे. परंतु गाडी कमी चाललेली असली तरी वयामुळे रबर कडक होऊन तुटते, आणि काही एंजिनांत पट्टा तुटताच पिस्टन व झडपा एकमेकांवर आदळतात. तो बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे. एंजिन एवढे उघडलेच आहे तर पाण्याचा पंप आणि तेलाची सीले त्याच मजुरीत बदलून घ्यावीत.

मग पाण्याची व्यवस्था. रेडिएटर पुढे आणि एंजिन मध्ये अथवा मागे असल्याने पाण्याच्या लांबलचक नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. सांबर व ॲक्टी यांत त्या विशेष लांब असतात. त्या गंजतात, आणि पाणी बदलताना त्यांत हवा अडकते. हवा अडकली की काटा बरोबर दाखवतो आणि एंजिन मात्र तापून जाते. गाडीचा पुढचा भाग किंचित उंच करून, हवा सोडण्याचा स्क्रू उघडून, हीटर चालू ठेवून सावकाश पाणी भरावे. हे काम घाईचे नव्हे. केवळ या एका दुर्लक्षामुळे चांगली एंजिने निकामी होतात.

त्यानंतर एंजिनाचे, गिअरपेटीचे व डिफरन्शियलचे तेल, प्लग, हवेची जाळी, पंख्याचा पट्टा ही नित्याची कामे करावीत. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत निर्वात नळ्यांचे जाळे असते. एक जरी नळी तडकली तरी एंजिन धड चालत नाही. नळी काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेऊन एकेक नळी बदलावी, सगळ्या एकदम उपसू नयेत. उत्तर अमेरिकेतील पेट्रोलात मद्यार्क मिसळलेला असतो आणि तो जुन्या रबरास मानवत नाही, म्हणून पेट्रोलाच्या नळ्या नव्या घालणे शहाणपणाचे.

एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती दिव्यांची. जपानात आपल्याप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. तेथील दिव्यांचा झोत डावीकडे किंचित उचललेला असतो. उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशात तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दिवे बदलणे हा तेथे हौसेचा प्रश्न नसून दुसऱ्याच्या जीविताचा आहे; कॅनडात तर तपासणीत याकडे मुद्दाम लक्ष दिले जाते.

सुट्या भागांची अडचण वाटते तितकी नाही. कारण हीच एंजिने त्या कंपन्यांच्या इतर लहान मोटारींतही वापरलेली आहेत. तथापि भाग मागवताना केवळ गाडीचे नाव व साल सांगून भागत नाही. चासी क्रमांकाचा आरंभीचा संकेत, उदाहरणार्थ कॅरीचा ‘डीडी 51 टी’ किंवा ॲक्टीचा ‘एचए 4’, कळवावा लागतो. हा संकेत घरातील वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि त्याच वहीत प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर व खर्च नोंदवावा.

रोजचा वापर आणि त्याच्या मर्यादा

इतके सोपस्कार झाल्यावर ही गाडी खरोखरच गुणी ठरते. लिटरमागे सुमारे पंधरा किलोमीटर जाणे तिला अवघड नसते. ती कोठेही उभी राहते, कोठूनही वळते. तिचे एंजिन स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येते; घरातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या हाताखाली तिच्यावर यंत्रविद्येचे पहिले धडे गिरवू शकते. चारचाकी ओढ असलेली गाडी चिखलातून व बर्फातून सहज निघते. मात्र ज्या गाड्यांत ही ओढ दांडा किंवा बटण वापरून लावावी लागते, त्यांत ती कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवू नये. पुढच्या व मागच्या चाकांच्या फिरण्यात पडणारा फरक तेथे सामावला जात नाही आणि गिअरांवर ताण येतो.

परंतु तिचे गुण गाताना तिची मर्यादा लपवणे हा वाचकांशी अप्रामाणिकपणा होईल. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगापर्यंत ती खुशीत असते. त्यापुढे एंजिन मिनिटास पाच-सहा हजार फेऱ्यांनी ओरडू लागते, आणि आडव्या वाऱ्यात हलकी गाडी डुलते. महामार्ग हे तिचे क्षेत्र नव्हे.

याहूनही गंभीर गोष्ट सुरक्षिततेची आहे. चालकाच्या पुढे एंजिनाचे नाक नाही. समोरून धडक बसली तर ती पत्र्याच्या एका पातळ भिंतीनंतर थेट गुडघ्यांवर येते. त्या काळातील पुष्कळ गाड्यांत हवेची उशी नाही. 2010 साली अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने धडकेच्या चाचण्या करून, असली चिमुकली वाहने गर्दीच्या सार्वजनिक रस्त्यांवर नेहमीच्या वाहनांच्या बरोबरीने चालवू नयेत, असा स्पष्ट इशारा दिला होता. दोन-अडीच टनांच्या मोटारींमध्ये सातशे किलोग्रॅमची गाडी चालवताना हे सत्य विसरून चालणार नाही. पट्टा बांधणे, वेग आवरणे, पुढच्या वाहनापासून अंतर राखणे, हे येथे इतर कोणत्याही गाडीपेक्षा अधिक कसोशीने पाळले पाहिजे. चालकाची बैठक उजवीकडे आणि वाहतूकही उजवीकडे, अशा स्थितीत पुढचे वाहन ओलांडताना समोरचा रस्ता दिसत नाही. म्हणून तेथे शक्यतो ओलांडूच नये. हौद्यात माणसे, विशेषतः मुले, बसवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. लहान मुलांना शाळेत पोचवण्यासाठी मुख्य वाहन म्हणून ही गाडी कोणी घेत असेल, तर त्याने पुन्हा विचार करावा हे उत्तम.

हिशेबाच्या दृष्टीने एवढेच सांगता येईल की लिलावातील किंमत हा एकंदर खर्चाचा केवळ आरंभ असतो. दलाली, जपानमधील अंतर्गत वाहतूक, जहाजभाडे, विमा, जकात, बंदरातील हमाली, तपासणी आणि नोंदणी यांची बेरीज पुष्कळदा गाडीच्या मूळ किंमतीहून अधिक भरते. अमेरिकेत मालवाहू मोटारींवर 1964 पासून 25 टक्के जकातीची प्रथा आहे आणि तीत अधूनमधून भर-घट होते, म्हणून त्या घडीचा दर जकात दलालाकडून विचारून घ्यावा. या सर्वांखेरीज हाती असलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढता येत नसेल, तर खरेदी वर्षभर पुढे ढकलणे बरे.

आपल्या दारचे नातलग

ही जपानी जुनी गाडी आपल्या देशात आणावी काय, असे कोणी विचारील. आपल्याकडील आयातीच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांहून अधिक जुने वाहन आणता येत नाही. तेव्हा तो मार्ग बंद आहे. पण तिचे नातलग आपल्या रस्त्यांवर कधीचेच नांदत आहेत. 1984 साली आलेली मारुती व्हॅन, जी पुढे ओम्नी या नावाने घरोघरी परिचित झाली, ती सुझुकीच्या कॅरीचीच लेक होय. तिचे 796 सी.सी.चे एंजिन आणि जपानी कॅरीचे 660 सी.सी.चे एंजिन एकाच घराण्यातील आहेत आणि ओम्नीतही ते बैठकीखालीच असते. 2019 साली ओम्नीची निर्मिती थांबली, तरी तिच्यावर हात बसलेले मिस्त्री आपल्या प्रत्येक गावात आहेत. 2016 साली मारुतीने सुपर कॅरी ही लहान मालमोटार काढली, आणि त्याआधी 2005 साली पुण्याच्या टाटा कारखान्यातून दोन सिलिंडरांची ‘एस’ बाहेर पडली, जिला लोकांनी कौतुकाने ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. पुण्याच्याच बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकीमुळे लहान मालवाहू गाडीस ‘टेम्पो’ म्हणण्याची आपली सवय तर त्याहून जुनी आहे.

म्हणून वर सांगितलेली परीक्षा परदेशातील आप्तांपुरतीच उपयोगी आहे असे नव्हे. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात दहा पावसाळे काढलेली ओम्नी घेणाऱ्याने, किंवा बेळगावच्या बाजारात भाजी वाहून थकलेला छोटा हत्ती घेणाऱ्याने, तोच गालिचा उचलून पाहावा, तेच लोहचुंबक फिरवावे, चासीचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी तसाच ताडून पाहावा आणि खरेदीच्या दिवशी मिस्त्रीला सर्वांत आधी ब्रेक उघडावयास सांगावे. रंगाचे काम दिवाळीपर्यंत थांबले तरी काही बिघडत नाही.